थोरली

“डावा पाय आधी. आता ती दांडी धर,” नवरा खालून सांगत होता. तिने दांडी धरली, देवाचं नाव घेतलं आणि एकदाची केबिनमध्ये चढली. इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या ट्रकमध्ये ती पहिल्यांदाच बसत होती, आणि तेही गाडीला भंगारात पोचवायला.

तिचं येणं हौसेचं नव्हतं, पहाऱ्याचं होतं. याआधी दोनदा तो एकटाच गाडी घेऊन भंगारवाल्याकडे निघाला आणि दोन्ही वेळा फाटकापासून परत आला. एकदा म्हणे भंगारवाला जेवायला गेला होता. दुसऱ्यांदा तर त्याने कारणसुद्धा सांगितलं नाही. गाडी अंगणात लावली आणि फडकं घेऊन पुसत बसला. भंगारवाला ओढून न्यायला क्रेन पाठवतो म्हणाला, तर हा त्याच्यावरच उखडला. ती आपल्या पायांनी जाईल, म्हणाला.

“मग मीही येते,” तिने सांगून टाकलं.

गाडी लग्नाच्याही आधीची. लांब नाकाची, जुन्या घडणीची, आता रस्त्यावर शोधूनही सापडायची नाही अशी. नव्या नवरीला घरात घेताना नणंदेने अंगणाकडे बोट दाखवलं होतं. “वहिनी, ती तुमची थोरली बरं का!” तेव्हा तीही सगळ्यांबरोबर हसली. पुढे मात्र हसू येईनासं झालं. नवरा आठवडेच्या आठवडे थोरलीबरोबर बाहेर. परत आला की जेवायचा, झोपायचा आणि उठून गाडीखाली शिरायचा. “कसा झाला प्रवास?” “झाला.” “वाटेत काय पाहिलंत?” “रस्ता.” वाईट वागला नाही कधी, घरात काही कमी पडू दिलं नाही, पण शब्दांच्या बाबतीत पक्का कंजूष. तिला फक्त त्याने बोलायला हवं होतं. तेवढ्या एका गोष्टीसाठी ती झुरत राहिली.

काम सुटल्यावर तरी बोलेल, असं वाटलं होतं. तर हा दुपारभर अंगणातल्या बंद गाडीत स्टिअरिंगवर हात ठेवून बसायचा. शेवटी तिने मनाशी पक्कं केलं. थोरली गेल्याशिवाय हा माणूस काही घरी यायचा नाही.

गाडी दोनदा खाकरली आणि तिसऱ्यांदा सुरू झाली. त्याची वाकलेली पाठ आपोआप सरळ झाली. गिअर टाकताना त्याने दांडा तळहाताने नुसता लोटला, झोपलेल्या लेकराची कूस बदलावी तसा. तिने मुद्दाम खिडकीबाहेर नजर लावली. दुकानं मागे पडली, गोदामं संपली, रस्ता मोकळा झाला. इंजिन एका सुरात लागलं, आणि त्या आवाजाखाली तिला दुसरा आवाज ऐकू आला. नवरा पुटपुटत होता.

“हं... ही चिमणी पाहिलीस? पूर्वी दिवसरात्र धूर सोडायची. आता कारखानाच बंद. पलीकडे तळं आहे, थांब, वळणावर दिसेल... हे बघ. थंडीत इथे बदकं उतरतात, इतकी की पाणी दिसत नाही.”

नजर समोर, चेहरा मोकळा. असा चेहरा तिने घरात कधी पाहिला नव्हता. लागला थोरलीशी गुजगोष्टी करायला, तिच्या मनात आलं. या वयात आपण एका गाडीचा मत्सर करतोय, याची तिला लाजही वाटली. पण वाटायचं ते वाटलंच.

चढ लागला. गाडी कण्हत कण्हत वर जाऊ लागली. तो बोलतच होता.

“चढाचं मला काही नाही गं, तुझंच वाटतं. गुडघा कसा आहे आज? हजारदा सांगितलं, भरलेल्या बादल्या उचलत जाऊ नकोस. ऐकशील तर शपथ.”

गाडीला काही गुडघा नसतो. तिने वळून त्याच्याकडे पाहिलं.

“बरा आहे,” ती हळूच म्हणाली.

त्याने असा काही ब्रेक दाबला की ती समोरच्या काचेवर आपटता आपटता वाचली. गाडी आचके देत कडेला थांबली. तो भूत दिसल्यासारखा तिच्याकडे बघत राहिला. मग कानापर्यंत लाल झाला.

“सवय गं,” तो म्हणाला. “लांबच्या पल्ल्याला एकट्या माणसाला डुलकी येते. कुणी गाणी लावतं, कुणी तंबाखू चघळतं. मी बोलतो.”

“कुणाशी?”

“कुणाशी म्हणजे? तुझ्याशी. आजवर उत्तर कधी आलं नव्हतं, म्हणून दचकलो.”

तिचे डोळे भरून आले, आणि त्याच वेळी संतापही आला. “आणि घरी? घरी आलात की तोंडात मिठाची गुळणी! तिथे होते ना मी, चांगली हाडामांसाची!”

तो खरोखरच गोंधळला. असा प्रश्न कुणाला पडू शकतो, हेच त्याला कळेना.

“अगं, पण घरी पोचेपर्यंत तुला सगळं सांगून झालेलं असायचं.”

त्याने गाडी पुन्हा सुरू केली. चढ संपला तसं भंगारवाल्याचं फाटक दिसलं. आज ते सताड उघडं होतं आणि भंगारवाला स्वतः बाहेर उभा राहून हात करत होता. नवऱ्याचं पुटपुटणं थांबलं. त्याने गाडीचा वेग कमी केला, इंडिकेटर दिला आणि ओठ घट्ट मिटून घेतले.

“सरळ घ्या,” ती म्हणाली.

“अगं, फाटक आलं.”

“दिसतंय मला. तुमचं सांगून झालं असेल हो, माझं ऐकून कुठे झालंय?”