बिनविस्तवाचा खाऊ

गॅसला हात लावायचा नाही आणि ओव्हनकडे तर बघायचंसुद्धा नाही, असं सुनेनं सकाळीच बजावलं होतं. ज्या माणसानं उभा जन्म बेकरीच्या भट्टीपुढे काढला, त्याला हे ऐकून घ्यावं लागलं. मागच्या आठवड्यात दूध तापत ठेवून आजोबा खिडकीत जाऊन बसले होते, ते पातेलं काळं ठिक्कर पडेपर्यंत. तेव्हापासून त्यांची बाजू जरा लंगडी होती.

आज परीक्षा होती. नाती शाळेतून येतील, त्यांना खायला करून द्यायचं आणि त्यांची आई कामावरून येईपर्यंत घर सांभाळायचं. जमलं तर ठीक, नाही तर उद्यापासून एक बाई येणार. मुलींकडे बघायला, असं सून म्हणाली होती. बाई नक्की कोणाकडे बघणार, हे न कळण्याइतके आजोबा अजून गेलेले नव्हते.

“आजोबा, पोटात कावळे ओरडतायत,” दप्तर कोपऱ्यात भिरकावत धाकटी म्हणाली.

“ओरडू देत. आधी हात धुऊन ये.”

काम सोपं होतं. ओट्स, शेंगदाण्याचं लोणी, मध आणि चिरलेला खजूर कालवायचा, गोळे वळायचे आणि फ्रिजमध्ये ठेवून द्यायचे. विस्तवाचं नाव नाही. “याला काय करणं म्हणायचं,” असं पुटपुटत आजोबांनी बाह्या सरसावल्या. पण हात परातीत गेले आणि त्यांची कळी खुलली. न बघताही गोळे एका मापाचे पडत होते. धाकटीचे मात्र काही बोराएवढे, काही लिंबाएवढे.

“ही एका आईची लेकरं वाटत नाहीत गं,” ते म्हणाले आणि तिची पाठ वळल्यावर त्यांनी ते गुपचूप पुन्हा वळले.

ट्रे भरला. आजोबांनी तो उचलला, ओव्हनचं दार उघडलं, ट्रे आत सरकवला, दार लावलं आणि बटण फिरवलं. मग स्टूल ओढून समोर बसले.

थोरलीनं फोनकडे पाहिलं. ओव्हनचा प्लग आईनं सकाळी काढून ठेवला होता, त्यामुळे भीती अशी काही नव्हती. पण काही वेगळं दिसलं तर लगेच फोन कर, असं आईनं तिला एकटीला बाजूला घेऊन सांगितलं होतं. आणि हे वेगळंच होतं.

“आजोबा...” फोन हातात घेत ती म्हणाली.

“शू. मधे दार उघडायचं नाही. घाई केली की आत कच्चं राहतं.”

ते ताठ बसले होते, हात गुडघ्यांवर. एरवी दिवसभर खुर्चीत अंग चोरून बसणारे आजोबा हेच का, असं तिला वाटलं. ते भट्टीविषयी सांगू लागले. पाव झाला की नाही हे डोळ्यांना नाही, नाकाला कळतं. तरी खात्री नसेल तर त्याच्या पाठीवर टिचकी मारायची. झाला असेल तर पोकळ वाजतो. थोरलीनं फोन पालथा ठेवला आणि ती त्यांच्याजवळ येऊन बसली.

धाकटी ओट्याला हनुवटी टेकवून काचेतून आत डोकावत होती. “ताई, फुगतायत का गं?”

“थोडे थोडे,” थोरली म्हणाली.

सून आली तेव्हा तिघंही ओव्हनकडे तोंड करून बसलेली होती. तिनं ओव्हनकडे पाहिलं, गुंडाळून ठेवलेल्या वायरकडे पाहिलं आणि मग थोरलीकडे.

“सगळं ठीक आहे ना?”

“भाजतायत,” थोरली म्हणाली. तिनं आईवरची नजर हटवली नाही.

चूक तर समोर दिसत होती, फक्त बोलायचं बाकी होतं. पर्स खांद्यावर तशीच ठेवून सून जवळ आली.

“किती वेळ लागेल अजून, बाबा?”

आजोबांनी डोळे मिटून वास घेतला. “झालेच.” त्यांनी फडक्याची घडी केली, दार उघडलं आणि दोन्ही हातांनी ट्रे बाहेर काढला. “सरका, पोळेल.”

सगळ्या सरकल्या. सूनही सरकली.

“बघ, काही जळलं नाही,” ट्रे ओट्यावर ठेवत ते म्हणाले. मग त्यांचा आवाज खाली आला. “त्या बाईंना उद्या नको म्हणशील ना?”

ती काही बोलायच्या आत धाकटीनं कडेचा एक गोळा तोंडात टाकलासुद्धा.

“आजोबा, हा तर गारच आहे,” ती भरल्या तोंडानं म्हणाली.

आजोबा थांबले. त्यांनी ट्रेकडे पाहिलं, हातातल्या फडक्याकडे पाहिलं. मग एक बोट हळूहळू ट्रेकडे नेऊ लागले.

सुनेनं त्यांच्या हातातलं फडकं घेतलं आणि फडक्यानंच धरून ट्रे आपल्याकडे ओढला. मधला एक गोळा उचलला, एका हातातून दुसऱ्या हातात टाकला आणि त्यावर सावकाश फुंकर घातली.

“कडेचे निवतात गं लवकर,” तो धाकटीच्या हातावर ठेवत ती म्हणाली. “मधले बघ कसले तापलेत. फुंकून खा.”