दोन बागा

आयसीयूत पंधरा मिनिटं मिळाली होती. रहिमानभाईंनी स्टूल पलंगाला भिडवलं, बायकोचा, यास्मिनचा, हात उचलून आपल्या गुडघ्यावर ठेवला आणि कुराणातली सूरह रहमान पढायला सुरुवात केली. मागं मुलगा, अझहर, संमतीचा फॉर्म घेऊन उभा होता. यास्मिनचं श्वासाचं मशीन काढायचं की ठेवायचं, ते डॉक्टरांना दुपारपर्यंत सांगायचं होतं.

भोसरीच्या गॅरेजात हयात गेली, तरी रहिमानभाई हाफिज होते. अख्खं कुराण तोंडपाठ. ही सूरह मात्र दरवर्षी त्यांना घोळात टाकायची. एकच आयत, तीच ओळ, तिच्यात एकतीस वेळा येते. एमआयडीसीत शेडमागून शेड, सगळ्यांना तेच निळं गेट, तसं. शिवाय सगळं दोन-दोन. दोन समुद्र, दोन बागा, पुढं आणखी दोन बागा. पहिल्या बागांत वाहते दोन झरे, पुढच्या बागांत उसळते दोन झरे. रहिमानभाई वाहते सोडून थेट उसळत्यांवर जायचे. रमजानच्या आधी उजळणीला यास्मिन समोर कुराण उघडून बसायची, आणि ते तिथं चुकले की त्यांच्या गुडघ्यावर बोट आपटायची. चाळीस वर्षांत एकदाही तिनं ती चूक सोडली नव्हती. हाफिजाला पकडायची भारी हौस बाईला!

आज त्यांना बागा लख्ख आठवत होत्या. तरी ते मुद्दाम चुकले. अल्लाच्या कलामात जाणूनबुजून चूक, तीही हाफिजानं! एरवी अंगावर काटा आला असता. आज काहीच वाटलं नाही. ते गुडघ्यावरच्या बोटांकडे बघत राहिले.

बोटं हलली नाहीत.

ते मागं आले, पुन्हा तिथंच चुकले. तिसऱ्यांदा जरा मोठ्यानं चुकले.

“काका, हळू,” नर्स म्हणाली.

मग त्यांनी वाहते झरे घेतले, उसळते झरे घेतले, सूरह नीट शेवटाला नेली. यास्मिनचा हात पांघरुणाखाली सरकवला.

“अब्बा, डॉक्टरांना काय सांगू?” अझहरनं विचारलं.

“तीन वेळा चुकलो, बेटा,” रहिमानभाई म्हणाले. “तुझी अम्मी गप राहिली. सही कुठं करायची, दाखव.”