पहिला हात

वजनाचा काटा पुन्हा तिथेच थांबला. सिस्टरने तबकातल्या पोरीला जरा सरळ केलं, चष्मा नाकावर नीट बसवला आणि वाकून पाहिलं. काटा काही सरकला नाही.

"महिनाभरात चिमूटभर वाढ नाही," ती म्हणाली. रांगेतल्या शेवटच्या बाईलाही ऐकू जावं अशा आवाजात. "काय गं, दूध पाजतेस की नुसतं दाखवतेस?"

पोरीच्या आईची कानशिलं तापली. हे तिला नवीन नव्हतं. तापाच्या औषधांनी अंगावरचं दूध आटलं तेव्हापासून सासूबाईंचा रोज तोच पाढा चालला होता: आधी आईचं आटलं, आता डब्याचंही अंगी लागत नाही, आईचं लक्ष असेल तर लागेल ना! आणि ही पहाटे साडेपाचला लाँड्रीत जाऊन परक्यांच्या चादरींना इस्त्री मारत होती. ते का, तर पोरीच्या दुधाचा डबा यावा म्हणून. तरी बोल लागायचा तो हिलाच.

"मी बरोबर माप घालते सिस्टर," ती म्हणाली. "रात्री दोनदा पाजते. डब्यावर लिहिलंय तसंच."

"आणि दिवसा?"

"दिवसाच्या चार बाटल्या मी भरतो," तिचा नवरा पुढे झाला. हा रंगारी. धुतलेल्या शर्टाच्या कॉलरवरही पांढरे ठिपके होतेच. "कामावर जायच्या आधी भरून ठेवतो. आई फक्त कोमट करून पाजते."

"मग आत्ता एक भरून दाखवा."

त्याला उलट बरंच वाटलं. हातच्या कांकणाला आरसा कशाला! त्याने बाह्या सारल्या, पिशवीतून डबा काढला, बाटली डोळ्यांसमोर धरून पाणी एकशेवीसच्या रेघेवर आणून थांबवलं. थेंब इकडे नाही की तिकडे नाही. रंगाचं माप घ्यायचा तसंच. मग एक चमचा भुकटी, वरून बोटाने सपाट केलेली. मग दुसरा चमचा.

आणि त्याने झाकण लावलं.

ती तिसऱ्या चमच्याची वाट बघत होती. तो बाटली हलवू लागला, तेव्हा कुठे तिला कळलं की तिसरा येणारच नाही.

"चार लिहिलेत डब्यावर," सिस्टर म्हणाली.

"ते वाचलंय की मी." तो समजूत काढावी तसा हसला. "पण कसं असतं सिस्टर, कोऱ्या भिंतीला पहिला हात पातळच द्यावा लागतो. एकदम घट्ट दिला तर धरत नाही, पोपडे निघतात. मी म्हटलं, एवढासा जीव, नवी आतडी. सुरुवातीला पातळच बरं. दोनेक महिन्यांनी घट्ट करणारच होतो." मग जरा आवाज उतरवून म्हणाला, "आणि डबाही पुरत होता."

रांगेतल्या बायका माना उंचावून बघू लागल्या.

"अहो, पोर दिवसभर पाणी पितंय!" सिस्टरने ती बाटली मोरीत ओतली. पांढुरकं पाणी सरसर वाहून गेलं. "पोट भरतं, म्हणून रडत नाही. आणि अंगाला लागणार काय, कपाळ?"

आईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. डबा पुरतोय हे तिनेही पाहिलं होतं. नुसतं पाहिलं नव्हतं, शेजारणीला कौतुकाने सांगितलं होतं, आमच्या ह्यांच्या हाताला बरकत आहे म्हणून. ती बरकत ही! हा माणूस दारूडा असता, जुगारी असता, तर तिने भर दवाखान्यात त्याची अब्रू काढली असती. पण त्याने तीन महिन्यांत बाहेरचा चहा घेतला नव्हता. बसचे पैसे वाचवायला तो कामावर पायी जात होता. इतक्या भल्या माणसावर ओरडायचं तरी कसं, याचाही तिला संताप आला.

तिने डबा त्याच्या हातातून हिसकावून घेतला. पाणी तेवढंच घेतलं. एक, दोन, तीन, चार. प्रत्येक चमचा मोठ्याने मोजला. बाटली तोंडाला लागताच पोरीने दोन्ही मुठी आवळल्या आणि अशी काही ओढू लागली की सिस्टरसुद्धा बोलायची थांबली.

"असं केलं तर डबा आठवड्यात संपेल," तो पुटपुटला.

"संपू दे."

"आणि मग?"

लग्न झाल्यापासून तिने त्याला कधी अरे-तुरे केलं नव्हतं. आता तिने मान वर केली.

"काल रात्री तू आईंना काय सांगत होतास? त्या बंगल्याचं. गाड्या ठेवायच्या खोलीचं."

तो गोंधळला. "काय सांगत होतो?"

"त्या खोलीच्या भिंतींना किती हात दिलेस?"

त्याने बायकोकडे पाहिलं, मग पोरीकडे. नखांतला पांढरा रंग तो दुसऱ्या नखाने खरवडू लागला.

"तीन," तो म्हणाला. "मालकांना भिंत भरलेली हवी होती."

बाटली केव्हाच रिकामी झाली होती. पोरगी निपल सोडायला तयार नव्हती.