जाड तार

"हेच घेऊ या," बेसवाला म्हणाला आणि खरखर करणाऱ्या पेडलवर पाय ठेवून उभा राहिला, जणू ते कोणी पळवून नेणार होतं.

सोबत आलेला मेहुणा दोन्ही पेडलं न्याहाळत राहिला. या निवडीवर बोलण्यासारखं भरपूर होतं. वाद्यांच्या त्या दुकानात जमिनीवर गिटारला जोडून पायाने दाबायची दोन पेडलं मांडली होती. एक प्रीअँपचं, बेस गिटारचा आवाज स्वच्छ, गोल, भरीव करणारं. दुसरं ओव्हरड्राइव्हचं, त्याच आवाजाला ओरबाडून खरखर आणणारं. जुनं पेडल आदल्या दिवशीच्या तालमीत धूर सोडून गेलं होतं आणि कार्यक्रम उद्यावर आला होता. बेसवाल्याने आयुष्यभर स्वच्छ आवाजाचे गोडवे गायले होते. खरखरीला तो मिक्सरमध्ये खडी दळणं म्हणायचा. आज त्याच खडीवर त्याचा जीव जडला होता.

कारण साधं होतं आणि ते फक्त त्याला आणि कानाच्या डॉक्टरला ठाऊक होतं, असं तो धरून चालला होता. खालचे सूर त्याच्या कानांतून निघून चालले होते. माणसांचं बोलणं नीट यायचं, बारीक तारा यायच्या. पण सगळ्यात जाड तार छेडली की छातीत काहीतरी हलायचं आणि कानात काहीच नाही. खरखर असली की तीच तार ओरखडा काढल्यासारखी ऐकू यायची. स्वच्छ पेडल घेतलं तर उद्या स्टेजवर आपलाच बेस अंदाजाने वाजवावा लागणार होता.

आणि बँडची मालकीण असलेली गायिका, सगळ्यांची मॅडम, अंदाजाचा धंदा करत नव्हती. सॅक्सोफोनवाल्याचा दम पुरेनासा झाला तेव्हा तिने त्याला पुष्पगुच्छ दिला, मिठी मारली आणि घरी बसवलं. गुच्छ छान होता, हे सगळ्यांनी मान्य केलं.

आतापर्यंत बेसवाल्याने सगळ्यांना चकवलं होतं आणि त्या हुशारीवर तो स्वतःशी खूश होता. युक्ती चालली होती ती मेहुण्याच्या जिवावर. बायकोचा हा धाकटा भाऊ बँडमध्ये ड्रम वाजवायचा. सगळा बँड नखशिखांत काळ्या कपड्यांत, आणि या साहेबांनी मध्येच पांढरेशुभ्र बूट आणले. वर ड्रमचा संच तिरपा करून घेतला, का तर म्हणे पाय मोकळा राहतो. लोकांना बूट दिसावेत म्हणून, हे कोणाला कळत नव्हतं? गायिकेने टोमणे मारले. बहिणीने नवरदेव म्हणून हाक मारली. बेसवाल्याने तर चारचौघांत टर उडवली. पण अंधाऱ्या स्टेजवर तो पांढरा पाय खाली आला की मोठा ड्रम वाजला, एवढं त्याला डोळ्यांनी समजायचं आणि त्याच ठोक्यावर तो आपली तार छेडायचा. मेहुण्याचा नखरा आपल्या पथ्यावर पडला, असा त्याचा हिशेब होता.

विक्रेत्याला मात्र घाई नव्हती. गिऱ्हाईक डोळ्यांनी निवडतं आणि मग तोंड पाडून वस्तू परत आणतं, असं त्याचं म्हणणं. म्हणून त्याच्या दुकानात एक रीत होती. गिऱ्हाइकाने पाठ फिरवायची, वाजवणार तो, आणि कोणता आवाज भावला ते नुसतं ऐकून सांगायचं.

मेहुणा लगेच मध्ये पडला. कशाला हे सगळं, भूक लागली आहे, यांना आवडलं ना, बांधून द्या. याला कायम पोटाचीच पडलेली, बेसवाल्याच्या मनात आलं. आता नाही म्हटलं तर संशय यायचा. शिवाय कानांचा प्रश्न होता, म्हणजे अब्रूचाच.

"होऊन जाऊ दे," तो म्हणाला आणि वळला.

समोर काचेचं कपाट होतं. काचेत मागचं सगळं दिसत होतं. विक्रेत्याची बोटं दिसत होती, पेडलांचे दिवेही, स्वच्छचा हिरवा आणि खरखरीचा लाल. देव पावला. लाल लागला तेव्हा त्याने ऐकून सांगितलं, हिरवा लागला तेव्हा बघून. दोन्ही उत्तरं बरोबर आली. विक्रेत्याने कौतुकाने मान डोलावली. मेहुणा कपाळ पुसत होता.

पुन्हा हिरवा दिवा. विक्रेत्याचं बोट जाड तारेवर फिरलं, परत फिरलं. बेसवाल्याने डोळे अर्धवट मिटले. जाणकारासारखा वेळ घेतला.

"हे स्वच्छ. गोल आहे, पण तळाशी जरा गढूळ. गर्दीत हरवेल."

काचेत विक्रेत्याच्या भुवया वर गेल्या. त्याचा दुसरा हात गिटारच्या आवाजाच्या बटणावरून खुंटीकडे चालला होता, आणि बटण पार बंद होतं. तार उतरली होती. आवाज बंद करून तो ती नुसती जुळवून घेत होता. परीक्षा अजून सुरूच झाली नव्हती.

बेसवाल्याच्या डोळ्यांसमोर गुच्छ आला. विक्रेत्याने बोलायला तोंड उघडलं.

"गढूळच आहे," मेहुणा विक्रेत्याकडे रोखून बघत म्हणाला. "तुम्ही ते खरखरीचं बांधा."

विक्रेत्याने एकदा याच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. मग तोंड मिटलं आणि तो खोका आणायला आत गेला.

बेसवाला सावकाश वळला. मेहुणा म्हणाला, मॅडमना सांगू, खरखरीचं खूळ माझं, फॅशन म्हणून. माझ्याबाबतीत कोणीही विश्वास ठेवेल.

"तुला कधीपासून माहीत आहे?"

मेहुणा खाली वाकून बुटावरचा डाग अंगठ्याने पुसत होता.

"भावोजी, मला काय पांढरे बूट शोभतात?"