रुसलेला छत्रीवाला

"रुसलाय तो. रुसलेल्याला हात लावायचा नाही. पाण्याचा झोत तेवढा हळूच त्याच्याकडे वळवायचा, आणि वाट बघायची."

तीस वर्षांपूर्वीचा वडिलांचा हा आवाज लेकीच्या कानात उमटला, तेव्हा तिचा हात माशांच्या काचेच्या टाकीत, कोपरापर्यंत खाऱ्या पाण्यात होता आणि मागे आई बादली घेऊन उभी होती.

"काढ बाई एकदाचा," आई म्हणाली. "तेरा दिवस झाले मिटून. मेलाय तो. कुजला तर अख्खी टाकी नासवील."

छत्रीवाला म्हणजे टाकीतलं सगळ्यात जुनं प्रवाळ. मऊ, जाड दांडा, वर उघड्या छत्रीसारखं गोल डोकं, आणि त्या डोक्यावर पाण्याबरोबर डोलणारी शेकडो बारीक बोटं. आता एकही बोट बाहेर नव्हतं. डोकं आक्रसून गेलं होतं आणि त्यावर करडा, मेणचट पापुद्रा चढला होता.

वडील शेजारच्या खुर्चीत बसले होते. डोळ्यांवर काळा चष्मा. डॉक्टरांनी बजावलं होतं, डोळ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर महिनाभर वाकायचं नाही, पाण्यात हात घालायचा नाही. म्हणून तर आईने लेकीला बोलावून घेतलं होतं. अकरा वर्षांनी.

अकरा वर्षांपूर्वी याच खोलीत शब्दाने शब्द वाढला होता. वडिलांचं औषधांचं दुकान लेकीने चालवावं, ही त्यांची इच्छा. तिला नाटकातले पोशाख शिवायचे होते. "तुम्ही स्वतः बोलावल्याशिवाय या घरात पाऊल ठेवणार नाही," असं म्हणून ती निघाली. वडिलांनी बोलावलं नाही. आताही शस्त्रक्रियेचं ऐकून तीच आपला पण मोडून आली होती. फोन करायची ती आई. दर रविवारी, दहाच्या ठोक्याला. आणि प्रश्न तरी कसले! खोलीत उजेड कुठून येतो? किती वाजता येतो? तिथलं पाणी कसं आहे, जड की हलकं? जेवणात मीठ जास्त नाही ना पडत? एकदा तर लेक वैतागून म्हणाली होती, "आई, मी काय मासा आहे का?"

"वास येतोय?" खुर्चीतून वडिलांनी विचारलं.

ती आल्यापासून आठ दिवसांत दोघं बोलले ते एवढंच. टाकीपुरतं. तिने ओल्या बोटांना नाक लावलं. समुद्राचा वास होता. सडका नव्हता.

"नाही."

"मग मेला नाही."

तिने पंपाचं तोंड दोन बोटं डावीकडे फिरवलं. झोत छत्रीवाल्याच्या डोक्यावरून हलकेच सरकू लागला. आई बादली घेऊन पुटपुटत निघून गेली, "बाप तशी लेक."

शुक्रवार गेला, शनिवार गेला. लेक सकाळी उठायची ती थेट काचेपाशी. लहानपणी ती अशीच स्टुलावर उभी राहायची. वडील दुकानातल्या पुड्यांसारखं मीठ तोलून पाण्यात विरघळवायचे, आणि तिला चमचा फिरवायला द्यायचे. तिच्या नाकाचे ठसे काचेवर उठायचे. ते पुसताना वडील खोटं खोटं रागवायचे, "नाक इथे ठेवून गेलीस की काय गं?" एक ठसा मात्र ते पुसायचे नाहीत. खालच्या कोपऱ्यातला. का, ते तिने कधी विचारलं नव्हतं.

रविवारी सकाळी पापुद्र्याची एक कड सुटली. झोतात ती ओल्या पदरासारखी फडफडली, फडफडली, आणि सगळा पापुद्रा एकदम निघून वाहत गेला. खालून कोवळा, सायीच्या रंगाचा छत्रीवाला निघाला. जरा वेळाने एक बोट बाहेर आलं. मग दुसरं.

"आला," लेक म्हणाली. तिला हसू येत होतं. मग ती खुर्चीकडे वळली. "बाबा, या मुक्या जिवाची तुम्ही पंधरा-पंधरा दिवस वाट बघता. मला अकरा वर्षांत एकदाही फोन केला नाहीत."

वडिलांनी गुडघ्यांवरचे हात घट्ट धरले.

भिंतीवरच्या घड्याळात दहाचे ठोके पडले. आई दारात येऊन उभी राहिली.

"केला नाही कसा?" ती म्हणाली. "अगं, मला उजेड-पाण्यातलं कधी काही कळलंय का? पंपाचं बटण कुठलं, ते मला अजून ठाऊक नाही. दर रविवारी प्रश्न हे लिहून द्यायचे. मी नुसती वाचून दाखवायचे. आणि हे इथेच, या खुर्चीत, फोनच्या स्पीकरला कान लावून. श्वाससुद्धा मोठ्याने घ्यायचे नाहीत."

"सांगायचं नाही असं ठरलं होतं," वडील म्हणाले.

"तुमचं ठरलं होतं. मला कुणी विचारलं होतं?"

खोलीत पंपाची गुणगुण तेवढी चालू होती. लेकीने ती ओळखली. आईच्या प्रत्येक फोनमागे हीच गुणगुण यायची. तिला वाटायचं, फोनच खराब आहे.

ती खुर्चीजवळ येऊन खाली बसली. हात अजून ओलेच होते.

"म्हणजे, मी काय मासा आहे का, असं म्हणाले होते... तेही ऐकलंत?"

"ऐकलं." वडिलांनी काळा चष्मा काचेकडे वळवला. "मनात म्हटलं, असतीस तर बरं झालं असतं. रोज दिसली तरी असतीस."