एकविसावा दिवस

“रडला का?” फोन उचलल्या उचलल्या शालूबाईंनी विचारलं. ना नमस्कार, ना चमत्कार.

“छे हो. दोन भाकऱ्या खाल्ल्या, आता खेळायला गेलाय,” बावडेकर सर म्हणाले.

शालूबाईंचा आदर्श त्यांना खिडकीतून समोरच दिसत होता. पाण्याच्या टाकीशेजारी, भरलेल्या ट्रंकेवर बसून तो हुंदके देत होता.

नृसिंह बावडेकर कोल्हापुरातल्या एका निवासी शाळेचे गृहप्रमुख. पाचवी-सहावीची बेचाळीस पोरं त्यांच्या ताब्यात. नव्या पोराला पहिले वीस दिवस घरचा फोन नाही, घरच्यांची भेट नाही, भेटायचं ते एकविसाव्या दिवशी, हा त्यांचा नियम. पालकांनी रोज संध्याकाळी सहाला सरांना फोन करायचा, सर खुशाली सांगणार. एकोणीस वर्षांत हा नियम त्यांनी आमदाराच्या भाच्यासाठीही मोडला नव्हता. तिसऱ्या दिवशी आईचा आवाज ऐकलेलं पोर चौथ्या दिवशी घरी जातं, आणि गेलेलं पोर परत येत नाही, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

शालूबाई इचलकरंजीच्या. यंत्रमागाच्या शेडमध्ये सुताच्या कांड्या भरायला जायच्या. परीक्षा देऊन आदर्श या शाळेत लागला तेव्हा अख्ख्या गल्लीनं पेढे खाल्ले, फक्त शालूबाईंच्या घशाखाली पेढा उतरला नाही. पोराला सोडायला आल्या तेव्हाच त्यांनी सरांना फाटकात बजावलं होतं, “माझं पोरगं रडलं असं नुसतं कळू दे, त्याच पावली घरला नेणार. शाळाबिळा काय बघणार न्हाई.”

आणि पोरगं तर रडतच होतं. भाकरी आईच्या हातची नाही म्हणून जेवताना रडायचं. प्रार्थनेला डोळे मिटले की रडायचं. सर त्याच्याशेजारी जाऊन बसायचे. समजूत घालायचे नाहीत, नुसते बसायचे. हुंदके ओसरले की हाताला धरून मैदानावर न्यायचे. ‘आज राहू दे’ हे शब्द त्यांच्या तोंडून एकदाही निघाले नाहीत. मग सहाला फोन वाजायचा आणि सर न अडखळता थाप मारायचे. दिवसभर मुलांना खरं बोला म्हणून सांगायचं आणि संध्याकाळी एका आईशी खोटं बोलायचं, याची त्यांना मनापासून लाज वाटायची. पण पोराची हुशारी त्यांनी पाहिली होती. काही झालं तरी हे पोर माघारी जाऊ द्यायचं नाही, हे त्यांनी पक्कं ठरवलं होतं.

तेराव्या दिवशी फुटबॉलच्या संघाचा गोलकीपर तापानं पडला. सरांनी आदर्शला गोलमध्ये उभं केलं. त्यानं तीन गोल खाल्ले आणि एक अडवला. त्या एका गोलाची हकीकत त्यानं जेवताना चारदा सांगितली. भाकरीकडं त्याचं लक्षही नव्हतं. संध्याकाळी सर शालूबाईंशी पहिल्यांदाच खरं बोलले, आणि नेमका त्याच दिवशी त्यांचा विश्वास बसला नाही.

“आमचा आदर्श बॉलला भितो, सर,” त्या म्हणाल्या आणि फोन ठेवून दिला.

एकविसाव्या दिवशी रविवार होता. शालूबाई पहिल्या एसटीनं आल्या. एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात कपडे भरून न्यायला मोठी रिकामी पिशवी. सरांवर त्यांचा काडीचाही भरवसा नव्हता, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती. मैदानावर सामना रंगला होता. कडेला उभं राहून त्यांनी जोरात हाक मारली.

आदर्शनं वळून पाहिलं. तोंडभर हसून त्यानं हात केला. “आई, थांब की जरा! पेनल्टी हाय!” आणि आईकडं पाठ करून तो गुडघ्यात वाकून उभा राहिला.

शालूबाई थांबल्या. पेनल्टी झाली. सामना पुढं सुरू राहिला. आदर्श काही आला नाही. सर त्यांच्याजवळ येऊन उभे राहिले. आपण जिंकलो, असं त्यांना वाटायला हवं होतं. पण त्या बाईच्या तोंडाकडं त्यांना बघवेना.

“म्हंजे एकदाबी रडला न्हाई व्हय?” शालूबाईंनी विचारलं. आवाजात भांडण नव्हतं.

‘नाही’ म्हटलं की काम झालं होतं. पोरगं शाळेत राहिलं असतं, बाई मुकाट परत गेल्या असत्या. गेले वीस दिवस तोच शब्द सरांच्या तोंडात बसला होता. त्यांनी तो गिळला.

“बाई, मी खोटं बोललो तुमच्याशी. रडला. बारा दिवस, रोज रडला.”

आता ही बाई आपल्याला फाडून खाणार आणि पोराला घेऊन जाणार, असं धरूनच ते उभे राहिले.

शालूबाई मैदानाच्या पायरीवर मटकन बसल्या. त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि शेजारची जागा हातानं झाडली.

“बसा हितं, सर. पयल्या दिवसापासनं सांगा. काय काय म्हनून रडायचा?”