पाच ताऱ्यांचा फ्रिज

"एसी उतरव आणि घेऊन जा," वासुदेवशास्त्री आदित्यला म्हणाले.

आदित्य त्यांच्या सुनेचा, इरावतीचा भाऊ. एसी लग्नात तिच्या माहेरून आलेला. तो परत पाठवणं म्हणजे माहेराच्या तोंडावर दार लावणं, हे काशीतल्या संकठा घाटावरच्या माकडांनाही कळत होतं.

पण बिजलीचं बिल असं फुगलं होतं, की बिलं वाटणारा माणूस म्हणे ते ठेल्यावर घालून ढकलत आणायचा. यंत्रावरच्या कागदावर तारे जास्त तितकी वीज कमी, हे शास्त्रीबुवांनी सकाळीच पेपरात वाचलं. मग घरभर चष्मा लावून नुसते तारे मोजत फिरले. फ्रिजवर पाच तारे. एसीवर एकही नाही. चोर सापडला.

"फ्रिज आमची निवड," ते चहाला आलेल्या दोघा जुन्या सहाध्यायांना म्हणाले. "आणि एसी यांच्या माहेरची. बघा फरक."

इरावती फ्रिजला पाठ टेकून उभी होती. मान खाली.

"आता लाजून काय होणार? बाजूला हो, पाहुण्यांना तारे दिसू देत."

"मामंजी, रहने दीजिए ना. आधी चहा घ्या."

"चहा काय गंगेत वाहून जातोय?"

ती सरकली. शास्त्रीबुवा वाकले. अक्षर दिसलं की मोठ्यानं वाचायचं, शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असं, ही जन्मभर शिकवल्याची खोड.

"पाच तारे!" त्यांनी वाचलं. मग खालची ओळ. "रूम. एअर. कंडिशनर."

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

त्यांनी नखानं कोपरा उचकला. कागद सुटला. खाली दुसरा कागद होता, त्यावर एकच तारा. मग त्यांना दुकान आठवलं. परीक्षेत असतो तसा एक म्हणजे पहिला नंबर, असं समजून त्यांनी हाच फ्रिज हट्टानं घेतला होता. गल्लीभर सांगितलंही होतं.

पाहुणे कपातल्या सायीकडे बघत बसले. एसीचे स्क्रू काढायचा पेचकस आदित्यच्या हातात तसाच राहिला. शास्त्रीबुवांना मान वर करवेना.

"हे कोणी चिकटवलं?" त्यांनी जमिनीलाच विचारलं.

"मी," इरावती हळूच म्हणाली. "फ्रिज आला त्या दिवशी तुम्ही सगळ्यांना बघायला बोलावलं होतं, मामंजी. तुम्हाला कोणी हसू नये, म्हणून माझ्या एसीवरचे तारे काढून लावले."